एल्टन जॉनचा ‘ज्वेल बॉक्स’: आठ सीडी घ्याव्यात कशा, जपाव्यात कशा आणि ऐकाव्यात कुठून

‘ज्वेल बॉक्स’मध्ये १४८ गाणी आहेत, आणि ब्रिटिश गायक-पियानोवादक एल्टन जॉनची जी गाणी सगळ्यांना तोंडपाठ असतात त्यांतलं जवळजवळ एकही त्यात नाही. ‘युअर साँग’ नाही, ‘रॉकेट मॅन’ नाही, ‘टायनी डान्सर’ नाही. नव्या श्रोत्याचा पहिला हिरमोड इथेच होतो. पहिली सीडी लावायची, तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ओळखीचं काहीच लागत नाही म्हणून ती काढून ठेवायची, आणि मग तो जाडजूड संच कपाटात शोभेला राहतो. दोष संचाचा नाही. हा संच लोकप्रिय गाण्यांचा नाहीच, तर ती गाणी लिहिणारा माणूस कसा घडला याचा आहे, आणि त्याला आत शिरायची वाट पहिल्या सीडीतून जात नाही.

संच १३ नोव्हेंबर २०२० रोजी बाहेर आला. आठ सीडींचे चार भाग आहेत. पहिल्या दोन सीडी ‘डीप कट्स’ म्हणजे अल्बममध्ये राहून गेलेली, सिंगल म्हणजे सुटी तबकडी म्हणून न गाजलेली गाणी, स्वतः एल्टनने निवडलेली. तिसरी, चौथी आणि पाचवी सीडी १९६५ ते १९७१ मधल्या दुर्मिळ ध्वनिमुद्रणांची. यातलं बहुतेक सगळं आधी कधीच प्रसिद्ध झालं नव्हतं. सहावी आणि सातवी १९७६ ते २००५ मधल्या बी साइडची, म्हणजे सिंगलच्या मागच्या बाजूला जाणाऱ्या गाण्यांची. आठवी ‘अँड धिस इज मी’, एल्टनच्या २०१९ च्या ‘मी’ या आत्मचरित्रात ज्यांचा उल्लेख येतो अशा गाण्यांची.

आधी थोडी शिदोरी

संच विकत घेण्याआधी पाच अल्बम नीट ऐकून झालेले असावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘एल्टन जॉन’ (१९७०), ‘टम्बलवीड कनेक्शन’ (१९७०), ‘मॅडमॅन अक्रॉस द वॉटर’ (१९७१), ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’ (१९७३) आणि ‘कॅप्टन फँटास्टिक अँड द ब्राउन डर्ट काउबॉय’ (१९७५). प्रत्येक अल्बम दोनदा ऐकायचा, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. महिनाभरात सहज होतं. यातला ‘टम्बलवीड’ अजिबात टाळू नका, कारण पुढे पाचव्या सीडीवर त्याच गाण्यांचे कच्चे आराखडे भेटणार आहेत.

फक्त गाजलेली गाणीच हवी असतील तर हा संच घेऊ नका. त्यासाठी २०१७ चा ‘डायमंड्स’ हा दोन किंवा तीन सीडींचा संग्रह आहे. १९९० चा ‘टू बी कंटिन्यूड’ हा चार सीडींचा जुना संच त्या वेळेपर्यंतची कारकीर्द गाजलेल्या गाण्यांसकट मांडतो. आणि ‘ज्वेल बॉक्स’मध्ये बी साइड १९७६ पासूनच का, असा प्रश्न पडला तर १९९२ चा ‘रेअर मास्टर्स’ हा दोन सीडींचा संग्रह पाहा. १९७५ पर्यंतच्या बऱ्याच सुट्या गाण्यांची सोय तिथे आधीच झालेली होती.

घेताना

पहिला निर्णय सीडी की एलपी, म्हणजे जुन्या पद्धतीची मोठी तबकडी. एलपीवर हा संच तीन वेगवेगळ्या भागांत आला. ‘डीप कट्स’ आणि ‘अँड धिस इज मी’ वेगळे मिळतात, पण दुर्मिळ गाणी आणि बी साइड यांतलं फक्त निवडक तबकड्यांवर आहे. म्हणजे संचाचा गाभा पूर्ण हवा असेल तर सीडीला पर्याय नाही. स्ट्रीमिंगवर गाणी ऐकता येतात, पण सोबतचं पुस्तक मिळत नाही. ‘डीप कट्स’मधल्या एकेका गाण्याबद्दल एल्टनने त्या पुस्तकात स्वतः सांगितलं आहे, आणि डेमोंच्या, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणांच्या, तीन सीडींसोबत त्या काळाची माहिती आहे. पुस्तकाशिवाय तिसरी ते पाचवी सीडी म्हणजे तारखा नसलेली रोजनिशी.

परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो. तो विक्रेत्याने आधीच भरला आहे की दारात कुरिअरवाला मागणार, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. कुरिअर कंपनी ओळखपत्राची प्रत मागते आणि स्वतःचं हाताळणी शुल्कही लावते, ते वेगळं. एकूण खर्च काढताना संचाची किंमत, टपालखर्च आणि कर अशा तिन्ही रकमा मिळवून मग भाव स्वस्त की महाग ते ठरवा. नुसती किंमत पाहून स्वस्त वाटलेला संच घरात येईपर्यंत बराच महाग झालेला असतो.

जुना संच घेताना विक्रेत्याकडून चार फोटो मागवा: आठही सीडी एकाच चौकटीत, त्यांच्या खालच्या बाजू तिरप्या उजेडात, पुस्तकाचा कणा, आणि बाहेरच्या वेष्टनाचे कोपरे. एक सीडी हरवलेला संच निम्म्या किमतीलाही घेऊ नये. सुटी सीडी मिळणं जवळपास अशक्य असतं.

आला त्याच दिवशी

पार्सल उघडताना मोबाइलवर अखंड चित्रण करा, खोक्याच्या पत्त्यापासून शेवटच्या सीडीपर्यंत. परत करायची वेळ आली तर त्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही. मग प्रत्येक सीडीवरचा क्रमांक वाचा. एकच सीडी दोनदा आणि दुसरी गायब, अशी चूक मोठ्या संचांत होते, आणि ती सहा महिन्यांनी लक्षात आली तर दाद मागायला जागा उरत नाही.

मोठ्या संचांत सीडी बहुधा पुठ्ठ्याच्या घट्ट खाचेत असतात. ओढून काढल्या तर पुठ्ठ्याची कड खालच्या बाजूवर बारीक समांतर रेघा पाडते. खाच अंगठ्याने किंचित उघडायची, संच तिरपा करायचा आणि सीडी तळहातावर घसरू द्यायची. बोटं फक्त कडेला आणि मधल्या भोकाला. खाचा फारच आवळ असतील तर सीडी पातळ मऊ आतल्या पिशव्यांत घालून वेगळ्या ठेवाव्यात आणि मूळ खाचा रिकाम्या सोडाव्यात.

खालची बाजू दिव्याखाली फिरवून पाहा. बारीक रेघांनी घाबरू नका, कारण सीडी वाचणारा किरण त्यांच्या पलीकडच्या थरावर केंद्रित असतो आणि थोडी माहिती बुडाली तरी यंत्र ती भरून काढतं. खरा धोका वरच्या, छापील बाजूचा. परावर्तित करणारा धातूचा थर त्या छपाईच्या अगदी खाली, लॅकरच्या पातळ पापुद्र्याआड असतो. तिथे पडलेला ओरखडा कायमचा. म्हणून सीडी उलटी ठेवणं, तिच्यावर नाव लिहिणं, चिकटपट्टी लावणं, सगळं वर्ज्य. डाग पुसायचा तर मऊ मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं आणि कापडात एखादा कण असला तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच लांबत जातो, आणि सलग माहिती बुडाली की यंत्राची दुरुस्तीही हतबल होते.

संगणकावर उतरवणं

पहिल्याच आठवड्यात आठही सीडी स्वतःच्या वापरासाठी संगणकावर उतरवून घ्या. याचे दोन फायदे. एक तर प्रत्येक सीडीची कसून तपासणी आपोआप होते. शिवाय पुढे डेमो आणि पूर्ण झालेलं गाणं एकामागोमाग ऐकायचं आहे, त्यासाठी दर वेळी सीडी बदलत बसावं लागत नाही.

त्यासाठीची सॉफ्टवेअर: विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, मॅकवर ‘एक्सएलडी’. दोन्हींत सिक्युअर पद्धत निवडा आणि ‘अ‍ॅक्युरेटरिप’ची पडताळणी चालू ठेवा. ती तुमची प्रत इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून पाहते. सगळ्या ट्रॅकची पडताळणी बरोबर आली तर सीडी निर्दोष. एखाद्याच ट्रॅकची चुकली तर सीडी पुसून पुन्हा प्रयत्न करा, तरीही चुकली तर दुसऱ्या ड्राइव्हवर. दोन्हीकडे त्याच ट्रॅकवर अडकत असेल तर सीडीच सदोष आहे, परत करा.

साठवण फ्लॅकमध्ये करा, म्हणजे दर्जा न घालवता आकार कमी करणाऱ्या फाइलींत. ८० मिनिटांची सीडी मूळ रूपात ८४० एमबीच्या आसपास असते, आणि फ्लॅकमध्ये साधारण निम्मी होते. नुसत्या पियानो आणि आवाजाच्या डेमोंना त्याहूनही कमी जागा लागते. मोनो ध्वनिमुद्रण असेल तर आणखी कमी, कारण डावी-उजवी बाजू एकसारखीच असते. अख्ख्या संचाला चार जीबी राखून ठेवली की चिंता नाही.

टॅग देताना, म्हणजे फाइलींना गाण्यांची माहिती जोडताना, हमखास एक घोळ होतो. ही माहिती पुरवणारं ऑनलाइन कोठार कधी आठ सीडींना आठ वेगळे अल्बम म्हणून नावं देतं, आणि मग प्लेअरमध्ये संच विखुरतो. आठही सीडींचं अल्बमचं नाव अक्षर न् अक्षर एकच ठेवा आणि डिस्क क्रमांकाच्या रकान्यात १/८ ते ८/८ भरा. आणखी एक गोष्ट करा, थोडी वेळखाऊ आहे पण मोलाची. वर्षाच्या रकान्यात २०२० न टाकता पुस्तकात पाहून गाणं ध्वनिमुद्रित किंवा प्रसिद्ध झाल्याचं वर्ष टाका. मग ‘वर्षानुसार’ म्हटलं की १४८ गाणी सलग कालक्रमाने ऐकता येतात. ही सोय सीडी प्लेअर देऊ शकत नाही.

आवाजाची पातळी सारखी करणारी सोय (रीप्लेगेन) एरवी ‘अल्बम’वर ठेवा. फक्त डेमो आणि अंतिम गाणं शेजारी ठेवताना ती ‘ट्रॅक’वर न्या. कानाला किंचित मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं, आणि एका डेसिबलच्या फरकानेही निवाडा चुकतो.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. सीडीला त्याचं फारसं काही होत नाही, पण पुठ्ठा, सरस आणि गुळगुळीत कागदाला होतं. पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटतात आणि कण्यापाशी पांढुरकी बुरशी धरते. बाहेरचं प्लास्टिक काढून टाका, ते ओल आत कोंडून ठेवतं. संच बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. उभा ठेवा, पण शेजारच्या वस्तूंचा अलगद आधार असू द्या, नाहीतर आतल्या वजनाने बांधणी खाली ओढली जाते. जवळ सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि रंग बदलला की मंद आचेवर सुकवून घ्या. पंधरा दिवसांतून एकदा पुस्तक पंख्याखाली पान न् पान उलटलं तर बुरशीला वेळच मिळत नाही.

ऐकण्याचा क्रम: सुरुवात आठव्या सीडीपासून

आठवी सीडी म्हणजे नकाशा. ‘एम्प्टी स्काय’, ‘लेडी समँथा’, ‘बॉर्डर साँग’ ही १९६९-७० ची गाणी, मग टेनिसपटू बिली जीन किंगच्या संघावरून नाव घेतलेलं ‘फिलाडेल्फिया फ्रीडम’ (१९७५), एड्सने मरणाऱ्या मुलाचा आणि त्याच्या वडिलांचा समेट सांगणारं ‘द लास्ट साँग’ (१९९२), आणि शेवटी ‘लव्ह मी अगेन’, ज्याला फेब्रुवारी २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. एका बैठकीत पन्नास वर्षं ओलांडली जातात.

ही सीडी ऐकताना एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: आवाज. जानेवारी १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात एल्टनच्या घशावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा आवाज कायमचा खाली उतरला. त्याआधीचा पातळ, उंच, सहज वरच्या पट्टीत निसटणारा सूर पुढे नाही. त्याजागी रुंद, जड, छातीतून येणारा आवाज. ‘कोल्ड अ‍ॅज ख्रिसमस’ (१९८३) आणि ‘द लास्ट साँग’ पाठोपाठ लावा, फरक लगेच कळेल. हा कान तयार झाला की पुढच्या सीडीत पुस्तक न पाहताही गाणं १९८७ च्या आधीचं की नंतरचं हे ओळखता येतं.

मग पहिली आणि दुसरी

‘डीप कट्स’चा क्रम कालक्रमानुसार नाही. २०१० चं गाणं आणि १९७० चं गाणं शेजारीशेजारी येतात. रोज तीन-चारच गाणी घ्या, त्याहून जास्त नको. आधी गाणं, मग पुस्तकातलं त्याबद्दलचं टिपण, मग पुन्हा गाणं. टिपण आधी वाचलं तर एल्टनचं मत आपल्या कानात घर करतं.

यात थांबून ऐकायची जागा म्हणजे ‘टिकिंग’. १९७४ च्या ‘कॅरिबू’ अल्बमचं शेवटचं, साडेसात मिनिटांच्या जवळ जाणारं गाणं. न्यूयॉर्कमधल्या एका बारमध्ये गोळीबार करणाऱ्या शांत, शहाण्या म्हणवल्या गेलेल्या मुलाची गोष्ट. पियानो आणि आवाज, मागे डेव्हिड हेंत्शेलचा सिंथेसायझर, बस्स. ना ढोल ना गिटार. डाव्या हाताकडे लक्ष ठेवा. गोष्ट जसजशी आवळत जाते तसतसा तो अधिक अस्वस्थ होतो, आणि गळा मात्र सांगण्याच्याच सुरात राहतो. पॉप गाण्याला कथा किती पेलते हे पाहायचं असेल तर इथे पाहावं.

‘मेलो’मध्ये ज्याँ-ल्यूक पाँतीचं इलेक्ट्रिक व्हायोलिन आहे. पहिल्यांदा ऐकताना ते ऑर्गनसारखं वाटतं. ‘गॉन टू शायलो’त लिऑन रसेल, एल्टन आणि नील यंग असे तीन आवाज येतात. ‘द ब्रिज’ (२००६) हे एकट्या पियानोवरचं, ‘टिकिंग’च्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम ऐकावं. १९७४ आणि २००६, दोन्हीकडे तोच माणूस पियानोशी एकटा आहे.

‘वुई ऑल फॉल इन लव्ह समटाइम्स’ आणि ‘कर्टन्स’ ही १९७५ च्या ‘कॅप्टन फँटास्टिक’ अल्बममधली जोडगाणी इथे आली की एकदा ऐका आणि बाजूला ठेवा. त्यांच्याकडे शेवटी परत यायचं आहे.

तिसरी, चौथी, पाचवी: संचाचा जीव

या तीन सीडींना घाई केली तर हाती काही लागत नाही. तीन आठवडे द्या.

आधी पार्श्वभूमी. रेजिनाल्ड ड्वाइट नावाचा लंडनजवळच्या पिनरचा मुलगा, म्हणजेच पुढचा एल्टन जॉन, ब्लूसॉलॉजी नावाच्या बँडमध्ये होता. १९६५ चं त्यांचं पहिलं सिंगल ‘कम बॅक बेबी’ त्यानेच लिहिलं आणि गायलं, आणि दुर्मिळ गाण्यांची मालिका त्या काळापासून सुरू होते. १९६७ मध्ये त्याने ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मधली लिबर्टी रेकॉर्ड्सची जाहिरात पाहिली. तिथे निवड झाली नाही, पण हातात एक पाकीट पडलं. त्यात लिंकनशायरच्या सतरा वर्षांच्या बर्नी टॉपिनच्या कविता होत्या. चाल एल्टनने लावायची, शब्द बर्नीचे, आणि शब्द आधी. ही पद्धत पुढे पन्नासहून जास्त वर्षं टिकली. आपल्या भावगीतांच्या श्रोत्याला हे लवकर उमजतं, कारण कवितेला चाल लागते तेव्हा ओळींची लांबी कमीजास्त राहते आणि संगीतकाराला तिच्यामागून वळणं घ्यावी लागतात. एल्टनच्या गाण्यांतली अनपेक्षित वळणं अनेकदा तिथूनच येतात.

दोघांना डिक जेम्सच्या प्रकाशन कंपनीने पगारी गीतकार म्हणून ठेवलं. काम एकच, इतर गायकांना विकता येतील अशी गाणी लिहायची. कार्यालय आणि छोटा स्टुडिओ लंडनच्या न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, आणि त्याच पत्त्याच्या नावाचं, ‘७१-७५ न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट’, हे गाणंही चौथ्या सीडीवर आहे. हे लक्षात ठेवूनच डेमो ऐका, नाहीतर गफलत होते. नवा श्रोता म्हणतो, ‘हा एल्टन वाटतच नाही.’ वाटणार कसा? तो दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यासाठी गात असतो. ‘आय कान्ट गो ऑन लिव्हिंग विदाउट यू’ हे असंच गाणं, जे गायिका लुलूने १९६९ च्या युरोव्हिजन स्पर्धेच्या ब्रिटिश निवडफेरीत गायलं आणि जे तिथे शेवटी आलं.

करायचं असं. एक वही घ्या. तिसरी सीडी लावा आणि प्रत्येक गाण्यापुढे तीनच खुणा करा. शब्द दुसऱ्या कुणी गायले तरी चालतील असे आहेत का? पियानो गाण्याला नुसता आधार देतोय की गाणं चालवतोय? गळा कुणाची तरी नक्कल करतोय का? असं तिन्ही सीडींना करा. सुरुवातीला बहुतेक खुणा एकाच बाजूला पडतील. १९६८-६९ च्या आसपास त्या सरकू लागतात. कंपनीतल्या स्टीव्ह ब्राऊनने त्यांना सांगितलं होतं की बाजारासाठी लिहिणं सोडा, स्वतःला हवं ते लिहा. ते वळण कागदावर दिसतं तेव्हा या तीन सीडींचं मोल कळतं.

आवाजाच्या दर्जाबद्दल. अशा जुन्या डेमोंचा स्रोत कधी टेप असते, कधी अ‍ॅसिटेट, म्हणजे लॅकर चढवलेली अ‍ॅल्युमिनियमची तबकडी, जी दर वाजवण्यागणिक झिजते. म्हणून खरखर, टिकटिक आणि दबलेली उंच पट्टी येणारच. ती घालवायला ट्रेबल वाढवू नका, खरखरही वाढते. उलट ट्रेबल किंचित कमी करा आणि आवाज मध्यम ठेवा. हेडफोनवर मोनो ध्वनिमुद्रण डोक्याच्या मध्यभागी अडकल्यासारखं वाटतं, स्पीकरवर तेच खोलीत मोकळं होतं. या तीन सीडी शक्यतो स्पीकरवर ऐका.

पाचव्या सीडीच्या शेवटाकडे ‘टम्बलवीड’ आणि ‘मॅडमॅन’ या अल्बममधल्या गाण्यांचे पियानो डेमो आहेत. इथे जोड्या लावायच्या. दोन जोड्यांना तर संचाबाहेर जावंच लागत नाही. ‘माय फादर्स गन’ आणि ‘ऑल द नॅस्टीज’ यांचे डेमो पाचवीवर आणि पूर्ण रूप आठवीवर आहे. ‘ऑल द नॅस्टीज’च्या अल्बममधल्या रूपात शेवटी समूहगान भरून येतं. डेमोत तेच वर्तुळ एकटा पियानो फिरवत राहतो, आणि समूहगानाची जागा त्याने आधीच मोकळी सोडलेली कळते.

‘अमोरीना’ची जोड अल्बमशी लावा. ‘टम्बलवीड’वर बासवादक डी मरे आणि ड्रमर नायजेल ऑल्सन दोघेही एकत्र वाजवतात ते एवढंच गाणं. डेमोत डाव्या हाताने जे ढकललं आहे, ते अल्बमवर दोघांनी वाटून घेतलं आहे. ‘हॉलिडे इन’मध्ये डेव्ही जॉन्स्टनचा मँडोलिन येण्याआधीचं रूप ऐकायला मिळतं.

आणि ‘बर्न डाउन द मिशन’. संथ कडवं, मग ध्रुवपद, मग अचानक दुप्पट जोराने धावणारा वाद्यांचा तुकडा, पुन्हा संथ. अल्बमवर तो धावता तुकडा बँड आणि पॉल बकमास्टरने केलेल्या वाद्यमेळाच्या मांडणीने उभा राहतो. डेमोत ऐकलं की कळतं, ती उडी बँडची नव्हतीच, गाण्याच्या हाडातच होती. सलग तीनदा ऐका: डेमो, अल्बम, पुन्हा डेमो. तिसऱ्यांदा डेमोत वाद्यमेळ ऐकू यायला लागतो, नसतानाही.

ज्यांना या काळात आणखी खोल जायचं आहे त्यांच्यासाठी ‘रेजिमेंटल सार्जंट झिपो’ हा १९६८ चा, तेव्हा बाजूला ठेवलेला अल्बम जून २०२१ मध्ये स्वतंत्रपणे निघाला. त्याचं शीर्षकगीत या संचात आहेच.

सहावी आणि सातवी

बी साइडचं काम साधं होतं. सिंगलच्या तबकडीला मागची बाजू असते, ती भरायची. नंतर बारा इंची आणि सीडी सिंगल आल्यावर एका गाण्यासोबत दोन-तीन जादा गाणी लागू लागली. त्यामुळे इथे प्रयोग आहेत, उरलंसुरलंही आहे. ‘स्नो क्वीन’ (१९७६) गायिका किकी डीसोबतचं, फ्रेंच गायिका फ्रान्स गॉलबरोबरची ‘लेझ आव्हू’ आणि ‘दोने पूर दोने’ ही १९८० ची फ्रेंच गाणी, ‘कॉन्कर द सन’, ही आधी ऐका. बाकी हवं तसं, कामं करताना लावलं तरी चालेल. या दोन सीडींना बाकीच्यांइतकं वजन देण्याची गरज नाही.

परत पहिल्या सीडीकडे

आता बाजूला ठेवलेलं ‘कर्टन्स’ काढा. त्याआधी तिसऱ्या सीडीवरचं ‘स्केअरक्रो’ लावा. एल्टन-बर्नी जोडीच्या अगदी पहिल्या गाण्यांपैकी ते एक. मग ‘वुई ऑल फॉल इन लव्ह समटाइम्स’ आणि ‘कर्टन्स’ सलग, शब्द समोर ठेवून. ‘कर्टन्स’मध्ये बर्नी आपल्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बुजगावण्याची आठवण काढतो आणि वाऱ्यावर निघून जायची वेळ झाली असं सांगणाऱ्या एका रानफुलाची. ते बुजगावणं म्हणजे हेच ‘स्केअरक्रो’, आणि ते फूल ‘डँडेलियन डाइज इन द विंड’ या त्याच दिवसांतल्या गाण्यातलं. १९७५ मध्ये हा अल्बम आला तेव्हा त्या गाण्यांची नावंसुद्धा श्रोत्यांना ठाऊक नव्हती. आता ‘स्केअरक्रो’ एका बटणावर आहे, ‘कर्टन्स’ दुसऱ्या. आवाज एरवीपेक्षा थोडा वाढवा, कारण गाण्याचा शेवट खूप लांबत, घंटांसारखा हळूहळू विरत जातो, आणि तो पूर्ण विरेपर्यंत पुढचं गाणं लागू देऊ नका.